झाडं मोजून जंगलाचा हिशोब लागत नाही

दर पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे एक आकडा जाहीर होतो. २०१६ साली राज्यात २ कोटी रोपं लावायचं ठरलं, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला थेट ३३ कोटी. सातारा-सांगलीतल्या गावोगावी शाळेतली पोरं, बचत गटातल्या बाया, ग्रामपंचायतीचे सदस्य सगळे खड्ड्यांपाशी उभे राहिले, हातात रोपं धरून. त्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. माझी तक्रार आकड्याबद्दल आहे. किती रोपं लावली यावरून आपण जंगल किती वाढलं हे ठरवू लागलो, आणि या दोन जिल्ह्यांत त्याचं नुकसान दोन्ही बाजूंनी होतंय. पश्चिमेला घाटातलं उभं जंगल ‘भरपाई करू’ या शब्दावर स्वस्तात जातं. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जतच्या ज्या माळावर मुळात गवतच टिकतं, तिथे त्याच भरपाईच्या नावाने झाडं कोंबली जातात.

जंगल असो की माळ, तो हवेशी आणि मातीशी काय देवघेव करतो त्यावरून त्याची किंमत ठरायला हवी. किती कार्बन घेतो आणि किती परत सोडतो, पाण्याचं काय करतो, अंगावर पडलेल्या उन्हाचं काय करतो. या तीन गोष्टी एकत्र मोजल्याशिवाय एका तालुक्यातलं जंगल तोडून दुसऱ्या तालुक्यात झाडं लावायला परवानगी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही देवघेव होते कुठे ते आधी पाहू. पानावर, बहुतेक झाडांच्या बाबतीत पानाच्या खालच्या अंगाला, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. पर्णरंध्रं म्हणतात त्यांना. अन्न बनवण्यासाठी झाडाला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो आणि तो घ्यायचा तर ही छिद्रं उघडावी लागतात. उघडली की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. कार्बन आत येण्याची आणि पाणी बाहेर जाण्याची वाट एकच. शिवाय पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, ती उन्हातून आणि भोवतालच्या हवेतून घेतली जाते. माठ पाझरतो म्हणून त्यातलं पाणी गार राहतं, तशीच झाडीखालची हवा गार राहते. म्हणजे कार्बन, पाणी आणि ऊर्जा हे तीन वेगळे विषय नाहीतच. एकाला हात लावला की बाकीचे दोन हलतात.

यातल्या ऊर्जेकडे आपलं सगळ्यांत कमी लक्ष जातं, म्हणून तिचा साधा हिशोब मांडतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४५ मेगाज्यूल उष्णता लागते, वीजबिलाच्या भाषेत साधारण ०.६८ युनिट. समजा, घाटातल्या दाट झाडीतून एका उघडिपीच्या दिवशी ३ मिलिमीटर पाणी वाफ होऊन गेलं. एका गुंठ्याला ते ३०० लिटर होतं. त्यासाठी खर्ची पडलेली उष्णता २०० युनिटच्या आसपास भरते. एक गुंठा, एक दिवस आणि २०० युनिट! तो गुंठा साफ करून तिथे काँक्रीट ओतलं तर ऊन काही कमी पडत नाही. तेच ऊन मग काँक्रीट तापवतं, काँक्रीट हवा तापवतं आणि खोलीतली ती उष्णता बाहेर फेकायला आपण वीज जाळतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या गारव्यातला मोठा वाटा उंचीचा आणि ढगांचा आहे हे खरं, पण राहिलेला वाटा या झाडीचा आहे आणि तेवढाच आपल्या हातात आहे.

हे सगळं मोजता येतं, यावर अनेकांचा विश्वास बसत नाही. जंगलाच्या माथ्यावरून उंच जाईल असा मनोरा उभा करतात. त्यावर एक यंत्र वाऱ्याची वरखाली होणारी हालचाल टिपतं, शेजारचं दुसरं यंत्र त्याच हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प मोजतं, आणि हे एका सेकंदात दहा ते वीस वेळा होतं. हवेची झुळूक वर गेली तेव्हा तिच्यात कार्बन किती होता, खाली आली तेव्हा किती होता, अशा हजारो झुळकांची अर्ध्या अर्ध्या तासाची बेरीज केली की भोवतालच्या झाडीने किती घेतलं आणि किती सोडलं ते कळतं. अमेरिकेतल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये असं मोजमाप तीस वर्षांहून जास्त काळ अखंड चालू आहे. जगभरात असे शेकडो मनोरे आहेत. आपल्याकडेही पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने काझीरंगाच्या जंगलात असं मोजमाप केलं आहे. याच संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा २०१२ पासून महाबळेश्वरला आहे. तेव्हा ज्ञान आणि माणसं आपल्या दाराशी आहेत.

या मोजमापातून एक गोष्ट पक्की झाली. जमिनीवरची सगळी हिरवाई वर्षाला सुमारे १२० अब्ज टन कार्बन हवेतून घेते आणि त्यातला फार मोठा भाग श्वसनातून, पाला कुजण्यातून, वणव्यातून परत हवेत सोडते. जो थोडा फरक उरतो तोच खरा साठा. माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास तीस टक्के या फरकामुळे हवेतून बाहेर पडतो. म्हणून हिरवं दिसलं की कार्बन साठला असं होत नाही. आपल्या कृष्णाकाठचा ऊसच बघा. कार्बन ओढण्यात उसाचा हात धरणारं पीक विरळा. पण तोड झाली की साखर खाल्ली जाते, रस काढून उरलेला चोथा, म्हणजे बगॅस, कारखान्याच्या बॉयलरमध्ये जातो, पाचट बांधावरच पेटवलं जातं, आणि आत घेतलेलं बहुतेक सगळं वर्ष-दीड वर्षात हवेत परत. उसाने घेतलं किती हा प्रश्न नव्हे, त्याने ठेवलं किती हा आहे. (पाचट न जाळता सरीत कुजवणाऱ्या शेतकऱ्याला याचं उत्तर आधीच ठाऊक आहे, आणि त्याच्या रानातली मातीही ते सांगते.)

आता घाटाकडे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून वीसएक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या निम्म्याहूनही कमी. आणखी पूर्वेला, शंभरएक किलोमीटरवर दहिवडी, जिथे ५०० मिलिमीटर झाला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात. एकाच जिल्ह्यात एवढा उतार महाराष्ट्रात क्वचित सापडेल. या उताराच्या माथ्यावर कोयना आणि चांदोलीचं जंगल आहे. कोयना अभयारण्य १९८५ चं, चांदोली राष्ट्रीय उद्यान २००४ चं, आणि २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. जांभूळ, अंजनी, हिरडा, पिसा, खाली कारवीचं रान. या जंगलाचं वेळापत्रक आपल्या समजुतीपेक्षा वेगळं आहे. भर पावसात, जुलैमध्ये, पाणी भरपूर असतं पण ढगांमुळे ऊनच नसतं, म्हणून झाडांचं काम मंद चालतं. पाऊस ओसरला, ऊन पडलं आणि माती अजून ओली आहे, अशा सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या काळात ते जोरात कार्बन घेतं. नंतर एप्रिलच्या उन्हाळ्यात, माणदेशात पान उरलेलं नसतं तेव्हा, चांदोलीतली सदाहरित झाडं खोल मुळांनी पाणी ओढून हवेत सोडतच असतात.

ते बाष्प जातं कुठे? आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या काळात तमिळनाडूवर पडणाऱ्या पावसाला लागणाऱ्या बाष्पात पश्चिम घाटातल्या झाडीचा वाटा २५ ते ४० टक्के असतो, आणि पावसाने ओढ दिलेल्या वर्षी तो आणखी वाढतो. समुद्रावरून आलेलं पाणी एकदा घाटावर पडतं, झाडं ते पुन्हा हवेत चढवतात आणि पर्जन्यछायेतल्या मुलखाला दुसऱ्यांदा मिळतं. माणदेशही पर्जन्यछायेतच आहे. कोयनेच्या आणि वारणेच्या जंगलातून निघालेलं बाष्प सप्टेंबरच्या परतीच्या पावसात माण, जत, कवठेमहांकाळला किती मिळतं, हा प्रश्न कुठल्याही आमदाराच्या अजेंड्यावर असायला हवा. टेंभू, म्हैसाळ, ताकारी या योजनांनी नदीचं पाणी कोट्यवधी रुपयांची वीज जाळून पूर्वेकडे चढवलं, ते योग्यच केलं. पण हवेतून फुकट चढणारं पाणी कुठून येतं याची चौकशी त्या मानाने काहीच झाली नाही.

आणि नेमक्या याच माथ्यावर नवीन महाबळेश्वर गिरिस्थानाचा आराखडा आला आहे, कोयना खोऱ्यातल्या २३५ गावांसाठी. तिथल्या माणसांना रस्ता, दवाखाना, रोजगार हवाच. धरणासाठी एकदा आणि अभयारण्यासाठी दुसऱ्यांदा उठलेली ही माणसं आहेत, त्यांना जंगलासाठी गरीब राहा असं सांगायचा अधिकार शहरात बसलेल्या कुणालाही नाही. माझा आक्षेप आराखड्याच्या पायाशी आहे. अशा प्रकल्पात झाडी किती जाणार हे हेक्टरमध्ये लिहितात आणि तितक्याच हेक्टरवर दुसरीकडे झाडं लावली की बरोबरी झाली असं धरतात. ही बरोबरी होत नाही. शंभर वर्षांच्या झाडीच्या खोडात, मुळांत आणि पायाखालच्या काळ्या मातीत जो कार्बन आहे तो तोडल्यावर काही वर्षांत हवेत जातो. रोप शून्यापासून सुरुवात करतं आणि तेवढा साठा करायला त्याला अनेक दशकं लागतात, तेही जगलं तर. मधल्या काळात तो कार्बन हवेतच राहतो. शिवाय घाटावरून उडणारं बाष्प घाटावरच उडतं, ते दुसऱ्या जिल्ह्यात लावलेल्या रोपांतून घाटावर परत येणार नाही.

भरपाईची जागा म्हणून मग डोळे कुठे वळतात? माळाकडे. नियमाप्रमाणे वळवलेल्या वनजमिनीच्या बदल्यात बिगरवन जमिनीवर लागवड करता येते, ती त्याच तालुक्यात असावी असं बंधन नाही. आणि आपल्या महसुली डोळ्याला माळ म्हणजे पडीक जमीन दिसते.

माळाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण त्याची बाजू घेणारं कुणी नसतं.

मे महिन्यात म्हसवडच्या किंवा जतच्या एखाद्या माळावर जा. वरून बघाल तर वाळलेलं कुसळी गवत, मधे मधे मुरूम उघडा पडलेला, लांब लांब एखादी बोर, एखादी बाभूळ, एखादा हिवर. मेलेली जमीन वाटते. खुरपं घेऊन एक ठोंब उकरून बघा. वरचं पातं वीतभर उरलेलं असतं, पण खाली मुळांचं जाळं इतकं दाट असतं की मातीचं ढेकूळ हातात धरून झटकलं तरी ते सुटत नाही. मुळांच्या केसांना चिकटून बारीक बारीक मातीचे कण, त्यांत कुजलेल्या जुन्या मुळांचा काळपट रंग. गवताची बचत इथे असते. झाड आपला कार्बन खोडात, उघड्यावर ठेवतं, तो तोडता येतो, जाळता येतो. गवत तो जमिनीखाली ठेवतं. वणवा लागला तर वरचं जळतं, खालचं बव्हंशी राहतं, आणि पुढच्या पावसात जळालेलं परत उगवतं. जगभरातल्या मातीत जेवढा कार्बन आहे तेवढा हवेत आणि सगळ्या झाडाझुडपांत मिळूनही नाही. तो मातीतला साठा आपण मोजत नाही, म्हणून माळ आपल्याला रिकामा वाटतो.

वळवाचा पहिला सडाका येतो तेव्हा या मातीची देवघेव अक्षरशः जागी होते. महिनोन्‌महिने कोरड्या पडलेल्या मातीतले सूक्ष्म जीव पाणी लागताच कामाला लागतात आणि काही तासांत कार्बन डायऑक्साइडचा मोठा लोट हवेत जातो. मृद्‌गंध दरवळतो तीच ही वेळ. पुढे मृगाचा पाऊस लागला की पवन्या, मारवेल, कुसळी उठतात आणि तीन-चार महिन्यांत घेता येईल तेवढा कार्बन घेऊन दिवाळीपर्यंत पुन्हा वाळतात. पाणी असेल तेव्हा झटपट काम उरकायचं आणि नसेल तेव्हा गप्प पडून राहायचं, ही ५०० मिलिमीटरच्या मुलखात जगायची रीत आहे. माणदेशातला मेंढपाळही त्याच रीतीने जगतो. माळावर गवत आहे तोवर मेंढ्या तिथे, मग कोकणाची वाट, परतताना शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवायच्या. माळावरचा कार्बन लेंडीखत होऊन शेतात पोचतो. लांडगा, खोकड, चंडोल हे सगळे याच गवताच्या आसऱ्याने आहेत.

अशा माळावर दाट झाडी लावायला गेलं की काय होतं, त्याचा हिशोब कागदावर करता येतो. झाडं लावण्याच्या बदल्यात ‘क्रेडिट’ देणाऱ्या केंद्राच्या ग्रीन क्रेडिट योजनेसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये जी पद्धत ठरली तिच्यात हेक्टरी किमान १,१०० झाडं धरली होती. आता ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर वर्षभरात ५० लाख लिटर पाणी. १,१०० झाडांत वाटलं तर झाडामागे वर्षाला साधारण ४,५०० लिटर, दिवसाला १२ लिटरच्या थोडं वर. तेही एक थेंब ओढ्याला जाणार नाही, एक थेंब विहिरीला मुरणार नाही, उन्हाने जमिनीतून वाफ होणार नाही आणि गवताला काहीच मिळणार नाही, असं गृहीत धरून. वाढलेल्या झाडाची रोजची तहान यापेक्षा कितीतरी मोठी असते. म्हणजे एक तर झाडं मरतात, नाही तर खालचं पाणी ओढून जगतात. मरतात तेव्हा निदान गवत परत येतं. जगतात तेव्हा खालच्या वस्तीवरच्या विहिरीचं पाणी फेब्रुवारीऐवजी डिसेंबरातच तळाला जातं.

हा नुसता कागदी तर्क नाही. गवताळ आणि झुडपी जमिनीवर लागवड केलेल्या पाणलोटांच्या जगभरच्या नोंदी एकत्र करून २००५ साली एक अभ्यास झाला. लागवडीनंतर ओढ्या-नाल्यांचा प्रवाह सरासरी ५२ टक्क्यांनी घटला, आणि १३ टक्के प्रवाह किमान एक वर्ष पूर्ण आटले. दक्षिण आफ्रिकेने तर १९९५ पासून सरकारी खर्चाने पाणलोटातली परदेशी झाडं तोडायचा कार्यक्रम हाती घेतला, कारण ती झाडं शहरांचं आणि शेतीचं पाणी पीत होती. आपल्याकडे त्याच जातीची झाडं, निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ, वर्षानुवर्षं हिरवाईच्या नावाने लावली गेली.

ऊर्जेची बाजू याहून बोलकी आहे. इस्रायलमध्ये नेगेव वाळवंटाच्या कडेला यातीर नावाचं पाइनचं जंगल लावलं आहे. पाऊस वर्षाला २८० मिलिमीटरच्या आसपास. तिथे २००० सालापासून मनोऱ्यावरून मोजमाप होतं. त्या जंगलाने कार्बन अपेक्षेपेक्षा चांगला साठवला, हे पहिलं आश्चर्य. पण झाडी गडद असते आणि फिकी जमीन जेवढं ऊन परत फेकत होती तेवढं झाडी फेकत नाही, ते शोषून घेते, आणि वाफेवाटे उष्णता घालवायला पाणी तर नाहीच. परिणाम असा की साठवलेल्या कार्बनमुळे जो थंडावा मिळेल तो या वाढीव उष्णतेला पुरून उरायला कित्येक दशकं जावी लागतात. यातीरपेक्षा माणदेशात पाऊस जास्त आहे, आकडे तेच्या ते लागू होणार नाहीत. पण वाळलेल्या फिक्या गवताचा माळ गडद झाडीखाली नेताना उष्णतेचा हिशोब बदलतो, हे भौतिकशास्त्र इस्रायलला एक आणि जतला दुसरं नसतं.

यावर मला एक प्रश्न नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे: मग सागरेश्वर कसं झालं? कडेगाव-पलूसच्या सीमेवरचे ते ओसाड डोंगर धों. म. मोहिते अण्णांनी लोकांना हाताशी धरून हिरवे केले, १९८५ ला ते अभयारण्य झालं, आज सुमारे ११ चौरस किलोमीटरवर हरणं फिरतात. सांगली जिल्ह्याने अभिमान बाळगावा असंच ते काम आहे. पण सागरेश्वर कुठल्या जंगलाच्या बदल्यात उभं राहिलं नव्हतं. कुणी वर्षअखेरीला आकडा मागत नव्हतं. तोड आणि चराई थांबवून, वर्षानुवर्षं राखण करून, जमिनीला झेपेल तेवढंच तिथे वाढू दिलं. एका माणसाने आपल्या आयुष्याची वर्षं त्यात घातली. सागरेश्वरकडून शिकायचं असेल तर ती राखण शिकावी. झाडांना माझा विरोध नाही. बांधावर आंबा-चिंच लावा, रस्त्याकडेला वड-पिंपळ लावा, कालव्याच्या कडेला करंज लावा, देवराई वाढवा. माळावरही बोर, हिवर, खैर आपोआप येतात तेवढे येऊ द्यावेत.

दुसरा प्रश्न पुराचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. तेव्हा घाटात जंगल असतं तर पूर आला नसता, असं बरंच बोललं गेलं. जंगलाची बाजू घेतानाही मी हे म्हणणार नाही. झाडीखालची पोकळ माती लहान-मध्यम पावसाचं पाणी जिरवते, ते नदीला सावकाश देते आणि उन्हाळ्यात ओढे वाहते ठेवते. पण २०२१ च्या जुलैमध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आले. एवढ्या पावसात कुठल्याही जंगलाची माती आधीच भरलेली असते. जंगलाला न झेपणारं श्रेय दिलं की पुढच्या पुरात लोक जंगलालाच खोटं ठरवतात, आणि मग त्याच्या खऱ्या कामालाही किंमत राहत नाही.

खरी अडचण मापात आहे. देशाच्या वनसर्वेक्षणात एक हेक्टरपेक्षा मोठ्या जमिनीवर झाडांची छाया दहा टक्क्यांहून जास्त असेल तर ती वनाच्छादनात मोजली जाते, झाड कुठल्या जातीचं, जमीन कुणाची, हे बघितलं जात नाही. त्यामुळे निलगिरीची लागवड आणि आंब्याची बागही वनाच्छादनात बसते, पण पिढ्यान्‌पिढ्या टिकलेला गवताचा माळ बसत नाही. कासचं पठार, ज्याचा २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळांत समावेश केला, त्याचा बराचसा उघडा सडा, म्हणजे खडकाळ सपाट माथा, या व्याख्येने वनाच्छादन नाही! जांभ्या दगडावरच्या वीतभर मातीत गवत आणि फुलं वाढतात, खालच्या तलावाचं पाणी सातारा शहर पितं, आणि सड्यावर झाडं नाहीत म्हणून कागदोपत्री तिथे काहीच नाही. २०३० पर्यंत झाडांच्या साह्याने अडीच ते तीन अब्ज टन जादा कार्बन डायऑक्साइड साठवण्याचं वचन देशाने जगाला दिलं आहे. हे वचन झाडांच्या आकड्यावर भागवायचं ठरलं तर पहिला बळी माळाचा आणि सड्याचा जाणार, कारण तिथे झाड नाही आणि विरोध करायला मालकही नाही, असतात ती गायरानं आणि चराऊ रानं.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. सातारा आणि सांगली मिळून तीन ठिकाणी देवघेव मोजणारे मनोरे हवेत: एक कोयना-चांदोलीच्या जंगलात, एक माण किंवा जतच्या माळावर, एक कृष्णाकाठच्या उसात. घाटाच्या तीव्र उतारावर हे मोजमाप अवघड जातं, रात्री थंड हवा दरीत घसरते आणि आकडे फसवतात, म्हणून तिथे जागा काळजीपूर्वक निवडावी लागेल. सपाट माळावर मात्र ते सोपं आहे. त्या नोंदी विद्यापीठाच्या संगणकात पडून राहू नयेत, मराठीत, तालुक्याच्या गावी, सगळ्यांना बघता याव्यात. निदान तीन-चार वर्षांच्या नोंदी हातात येईपर्यंत माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळच्या गवताळ माळांवर भरपाईची लागवड बंद ठेवावी. आणि घाटातल्या झाडीच्या बदल्यात माळ, ही अदलाबदल कायमचीच बंद करावी.

यातलं काही मुंबई-दिल्लीत ठरेल, पण गावाच्या हातातही बरंच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असायला हवी. बहुतेक ठिकाणी ती नोंदवही कुणीतरी बाहेरच्याने घाईने भरून दिलेली असते आणि त्यात माळाला दोन ओळी मिळतात. ती पुन्हा लिहायला घ्यावी. माळावर कुठली गवतं येतात, कुठल्या महिन्यात येतात, किती मेंढ्या किती दिवस तिथे चरतात, त्या माळाखालच्या कुठल्या विहिरींना कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असतं, हे गावातल्या मेंढपाळांना आणि म्हाताऱ्या माणसांना बसवून विचारावं आणि तारखेसकट लिहून ठेवावं. २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचे सामूहिक हक्क आहेत, भटक्या पशुपालकांचेही आहेत. माळ वनखात्याच्या नोंदीत असेल तिथे ते हक्क मागता येतात. उद्या गायरानावर लागवडीचा प्रस्ताव ग्रामसभेत आला तर रोपं किती हे विचारण्याआधी तिघांनी उठून विचारावं की ही झाडं पाणी कुठलं पिणार, मेंढ्या कुठे जाणार, आणि याच्या बदल्यात कुठलं जंगल तोडलं जाणार आहे. उत्तर लेखी मागावं आणि ते येईपर्यंत ठराव पुढच्या सभेवर ठेवावा. ग्रामसभेने तेवढा वेळ मागून घ्यावा.